फ्रीलान्स गाइड कसे निवडावेत आणि त्यांच्यासोबत काम कसं करावं: नव्या ट्रॅव्हल एजन्सीसाठी

सहल विकत घेताना पाहुणा तुमच्याशी फार तर तासभर बोलतो. गाइडसोबत मात्र तो अख्खा दिवस असतो, कधी कधी अख्खा आठवडा. हॉटेल कितीही छान असो, घरी गेल्यावर तो सांगतो ते गाइडबद्दलच. त्याच्या लेखी तुमची एजन्सी म्हणजे तो गाइड. आणि तो गाइड तर तुमच्या पगारावरही नसतो: आज तुमचा ग्रुप, उद्या दुसऱ्या कंपनीचा.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. चांगला गाइड शोधणं हे निम्मंच काम आहे. सीझनच्या ऐन गर्दीत चार एजन्सींचे फोन आले तर त्याने तारीख तुम्हाला द्यावी, असं वागणं हे उरलेलं निम्मं. नव्या एजन्सी पहिल्या भागावर सगळा जोर लावतात आणि दुसरा वाऱ्यावर सोडतात. खालच्या पायऱ्या वाचताना दोन्ही बाजू डोळ्यांसमोर ठेवा.

१. आधी ठरवा, तुम्हाला नेमकं कोण हवं आहे

‘गाइड’ या एका शब्दाखाली वेगवेगळी माणसं येतात. युरोपात पर्यटनातल्या संज्ञांसाठी २००३ साली एक मानक ठरलं. त्यात टूरिस्ट गाइड म्हणजे एखाद्या भागाचा वारसा, तिथला इतिहास आणि निसर्ग पाहुण्यांना त्यांच्या भाषेत उलगडून सांगणारा, आणि शक्यतो त्या भागापुरती मान्यता असलेला माणूस. टूर मॅनेजर म्हणजे ठरलेला कार्यक्रम कंपनीच्या वतीने पार पाडणारा: चेक-इन, बसच्या वेळा, हरवलेल्या बॅगा, बदललेल्या खोल्या. ही दोन वेगळी कसबं आहेत. शिल्पकलेवर तास न् तास रंगून बोलणारा माणूस विमान चुकलेल्या वीस जणांची सोय लावू शकेलच असं नाही, आणि उलटही तितकंच खरं.

गाडी चालवत माहिती देणारा ड्रायव्हर-गाइड हा तिसरा प्रकार. दोन-चार जणांच्या कुटुंबाला तो सोयीचा पडतो. पण गाडी लावून पाहुण्यांसोबत स्मारकात आत जाता येईल का, हे आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी पार्किंग लांब असतं आणि पाहुणे आत एकटेच फिरतात.

तुमच्या सहलीचा एक एक दिवस घेऊन त्यापुढे लिहा: इथे माहिती सांगणारा हवा, इथे व्यवस्था पाहणारा हवा, इथे दोघं हवेत. हा कागद तयार झाल्याशिवाय कोणालाही फोन करू नका.

२. कायदा पाहा, आणि तो दरवर्षी पुन्हा पाहा

गाइडच्या परवान्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, कधी शहरागणिक वेगळे. फ्रान्समध्ये सहली विकणाऱ्या कंपनीला संग्रहालयांत आणि ऐतिहासिक वास्तूंत मार्गदर्शनासाठी व्यावसायिक ओळखपत्र असलेलाच गाइड घ्यावा लागतो. किलिमांजारोवर परवानाधारक गाइडशिवाय चढता येत नाही. उलट जपानने जानेवारी २०१८ पासून परवाना नसलेल्यांनाही पैसे घेऊन गाइडचं काम करायला मोकळीक दिली, आणि वॉशिंग्टन शहरातली गाइड-परवान्याची सक्ती २०१४ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केली. म्हणजे नियम घट्ट होतात तसे सैलही होतात. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलेल्या माहितीवर विसंबू नका.

परवाना हवा असेल तर त्याचा फोटो मागवा आणि चार गोष्टी तपासा: नाव, मुदत, कोणत्या भागासाठी आहे आणि कोणत्या भाषेसाठी. शेवटच्या दोन सर्रास नजरेतून सुटतात. शेजारच्या प्रांताचा परवाना तुमच्या स्मारकाच्या दारात निरुपयोगी ठरू शकतो, आणि तो दारात निरुपयोगी ठरला तर पाहुणे उभे असतात तुमच्या नावाने.

ग्रुपच्या आकाराचे नियमही इथेच पाहून घ्या. व्हेनिसने २०२४ मध्ये गाइडसोबतच्या ग्रुपची मर्यादा २५ वर आणली आणि लाउडस्पीकरवर बंदी घातली. तिथे चाळीस जणांची बस नेणाऱ्याला दोन गाइड लागणार. हा खर्च सहलीची किंमत ठरवण्याआधी कळायला हवा.

३. शोध कुठे घ्यायचा

इंटरनेटवर गाइडांच्या याद्या भरपूर सापडतात. सुरुवात म्हणून ठीक. पण सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे एका चांगल्या गाइडला विचारणं, ‘त्या तारखेला तुम्ही मोकळे नसाल तर कोणाला पाठवाल?’ गाइड एकमेकांचं काम रोज पाहतात. एकाच चौकात, एकाच दारात, एकाच रांगेत उभे असतात. कोण वेळेवर येतो, कोण पाहुण्यांवर खेकसतो, कोण मनाला येईल ते ठोकून देतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बसचे ड्रायव्हरही असेच जाणकार. त्यांना विचारायला कोणी जात नाही, तुम्ही जा.

गाइडांच्या स्थानिक संघटनांकडे सभासदांच्या याद्या असतात, भाषेनुसार आणि विषयानुसार. गाइड संघटनांच्या जागतिक महासंघाच्या पुढाकाराने २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय टूरिस्ट गाइड दिन १९९० पासून पाळला जातो. त्या सुमाराला अनेक शहरांत गाइड लोकांसाठी मोफत फेऱ्या काढतात. नव्या एजन्सीला याहून चांगली संधी नाही: आठवडाभरात बरेच गाइड प्रत्यक्ष काम करताना बघता येतात, तेही त्यांच्यावर मुलाखतीचं दडपण नसताना.

४. पारख

या पायरीवर वेळ घालवा. बायोडाटा, रेटिंग, फोटो यांतून थोडंच कळतं. गाइडचं काम चालताना दिसतं, म्हणून त्याच्यासोबत चालायला हवं. चाचणी म्हणून छोटी फेरी ठेवा आणि तिचे पैसे द्या. फुकट चाचणी मागणाऱ्या एजन्सीकडे चांगले गाइड पाठ फिरवतात, आणि त्यांचं बरोबर आहे. अर्धा दिवस हा त्यांचा रोजगार आहे.

फेरीत काय बघायचं? आधी तोंडाकडे नको, पायांकडे बघा. तो उभा कुठे राहतो? चांगला गाइड ऊन स्वतःच्या डोळ्यांवर घेतो आणि पाहुण्यांना सावलीत ठेवतो. रस्ता अडवत नाही. जे दाखवायचं त्याला स्वतः आड येत नाही. बोलायला सुरुवात करण्याआधी मागे राहिलेला शेवटचा माणूस येईपर्यंत थांबतो. हे थांबणं अगदी साधं वाटतं, पण नेहमी मागे राहणारी म्हातारी आजी दिवसभरात निम्मी गोष्ट ऐकते की पूर्ण, ते यावरच ठरतं. ग्रुप हलला की तो डोकी मोजतो, तेही कोणाच्या लक्षात न येता.

मग बोलणं. सनावळी पाठ असणं म्हणजे ज्ञान नव्हे. त्याला एखादी दंतकथा सांगायला सांगा आणि मग विचारा, ‘हे कशावरून?’ आख्यायिका कुठली आणि कागदोपत्री पुरावा कशाचा, हे तो वेगवेगळं सांगू शकला तर समाधान माना. एखादा असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर त्याला येणार नाही. ‘मला माहीत नाही, बघून संध्याकाळी सांगतो’ हे उत्तर देणारा माणूस घ्या. जागच्या जागी उत्तर रचणारा माणूस गोड बोलत असला तरी सोडा, कारण एखाद्या दिवशी तुमच्या ग्रुपमध्ये त्या विषयाचा प्राध्यापक असेल.

पाहुण्यांच्या भाषेत किमान अर्धा तास बोला, आणि ठरलेल्या विषयाबाहेरचं बोला. पाठ केलेलं भाषण अस्खलित असतं. खरी भाषा कळते ती पोटदुखी, विमा किंवा रूमची तक्रार यांवर बोलताना. भाषेचं तुम्हाला स्वतःला पुरेसं ज्ञान नसेल तर ती मातृभाषा असलेल्या ओळखीच्या कोणालातरी फोनवर घ्या.

शेवटी काही प्रसंग समोर ठेवा. संग्रहालय अचानक बंद आहे, पुढची बस पाऊण तासाने आहे, काय कराल? दोन पाहुण्यांमध्ये बसमधल्या जागेवरून भांडण पेटलंय, काय म्हणाल? एक माणूस परत आला नाही, बाकीच्यांचं वेळ ठरलेलं तिकीट दहा मिनिटांवर आहे. कोणाचं आधी बघाल? एकच बरोबर उत्तर शोधू नका. तो तुमच्याशी संपर्क केव्हा करतो आणि स्वतः निर्णय केव्हा घेतो, याकडे लक्ष द्या. जागेची खोल माहिती आहे की नाही, तेही अशाच प्रश्नांतून कळतं. उदाहरणार्थ, व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमध्ये गाइडला आत बोलता येत नाही. छतावरच्या चित्रांबद्दल सगळं आत जाण्याआधी, बाहेरच्या फलकांपाशी सांगावं लागतं. असा नियम जिथे असेल, तिथे ‘तुम्ही कुठे उभं राहून सांगता?’ असं विचारा. रोज काम करणारा माणूस क्षणात जागा सांगतो.

दुसऱ्या एजन्सीकडे चौकशी करताना ‘कसा आहे?’ असं विचारलं की ‘चांगला आहे’ एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी विचारा, ‘तुमच्या सगळ्यात कटकटी ग्रुपसोबत तुम्ही यांना पाठवाल का?’

५. पैशांचं बोलणं सगळं आधी

मानधनाची घासाघीस हा नव्या एजन्सीचा आवडता उद्योग असतो. तिथे वाचलेलं थोडं, पाहुण्याच्या नाराजीत गेलेलं जास्त, असा हा व्यवहार आहे. त्या भागात चालणारा दर चौकशी करून काढा आणि तो द्या. घासण्यापेक्षा स्पष्टपणावर वेळ घालवा: अर्धा दिवस म्हणजे किती तास, पूर्ण दिवस म्हणजे किती, त्यापुढच्या तासाचे किती, रात्री उशिरा किंवा पहाटे लवकर असेल तर किती. दुर्मीळ भाषेचा जादा दर. गाइडचा प्रवास, जेवण, मुक्काम कोणाकडे. प्रवेश तिकिटांचे पैसे गाइडने आधी खिशातून भरायचे नाहीत; त्यासाठी ॲडव्हान्स द्या किंवा तिकिटं तुम्हीच काढा.

तारीख ‘होल्ड’ आणि ‘कन्फर्म’ यांतला फरक लेखी ठेवा. होल्ड म्हणजे दुसऱ्या कोणाचा पक्का फोन आला तर गाइडने तुम्हाला विचारायचं, आणि तुम्ही ठरलेल्या मुदतीत, समजा चोवीस तासांत, हो किंवा नाही सांगायचं. कन्फर्म म्हणजे रद्द झाल्यास पैसे. किती दिवस आधी रद्द झालं तर किती टक्के, याचे टप्पे तुम्ही पाहुण्याला लावता तसेच गाइडलाही लावा. पाहुण्याकडून रद्दीकरणाचे पैसे घ्यायचे आणि गाइडला मात्र ‘ग्रुपच आला नाही’ म्हणून हात हलवत परत पाठवायचं, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. फ्रीलान्स माणसाचा बुडालेला दिवस कुठूनही भरून येत नाही.

दुकानांच्या कमिशनबद्दल गप्प बसू नका. मानधन कमी ठेवून ‘बाकीचं दुकानातून निघेल’ असं सुचवलंत तर पाहुण्याचा वेळ स्मारकातून निघून दुकानात जाईल आणि पाहुण्याला ते कळेल. माझं मत स्पष्ट आहे: पुरेसं मानधन द्या आणि कार्यक्रमात नसलेलं दुकान दाखवायचं नाही, असं लिहून घ्या. टिप कोणाची, ती तुम्ही आधीच गोळा करणार की पाहुणा स्वतः देणार, हेही पाहुणा आणि गाइड दोघांना एकाच शब्दांत कळवा.

आणि बिल आल्यावर पैसे ठरल्या दिवशी. गाइडांच्या आपसांतल्या गप्पांत एजन्सीचं नाव याच एका गोष्टीवरून चांगलं किंवा वाईट होतं.

६. करार

दोन पानांचा, साध्या भाषेतला करार पुरतो. त्यात वरचे सगळे आर्थिक मुद्दे, काम कोणतं, आजारी पडल्यास बदली गाइड कोण आणि कोणाच्या मंजुरीने, विमा कोणाचा, कर कोण भरणार, आणि पाहुण्यांची माहिती व फोटो कसे वापरायचे, एवढं असावं.

दोन गोष्टी मात्र वकिलाकडून नीट समजून घ्या. पहिली, फ्रीलान्स असणं केवळ कागदावर लिहून सिद्ध होत नाही. कॅलिफोर्नियात २०२० पासून लागू झालेल्या कायद्यात, कंपनीने काही ठरावीक कसोट्या सिद्ध केल्या नाहीत तर काम करणारा माणूस कर्मचारीच धरला जातो. गणवेश तुमचा, वेळापत्रक तुमचं, दुसरीकडे काम करायला मनाई, वर्षभर रोजचं काम, असं असेल तर अनेक देशांत तुमच्यावर नोकरी देणाऱ्याच्या जबाबदाऱ्या येऊ शकतात. दुसरी, ‘गाइड स्वतंत्र व्यावसायिक आहे, त्याच्या चुकीला आम्ही जबाबदार नाही’ हे वाक्य तुम्हाला वाचवेलच असं नाही. युरोपीय संघाच्या पॅकेज सहलींवरच्या २०१५ च्या निर्देशानुसार, पॅकेजमधली सेवा स्वतः दिलेली असो की दुसऱ्याकडून करून घेतलेली, जबाबदारी आयोजकाची असते. म्हणूनच पारखीवर एवढा वेळ घालवायचा.

गाइडने तुमच्या पाहुण्याला परस्पर स्वतःकडे वळवू नये, असं कलम सगळेच घालतात. घाला, पण मर्यादित मुदतीचं आणि फक्त तुम्ही पाठवलेल्या पाहुण्यांपुरतं. गाइडचा हात पूर्ण बांधणारा करार अनुभवी माणूस सहीच करत नाही.

७. ब्रीफ

ब्रीफ म्हणजे सहलीआधी गाइडला पाठवायचा माहितीचा कागद. हा कागद चांगला असेल तर मध्यम गाइडसुद्धा उत्तम दिवस देतो. फक्त ‘४ पॅक्स (म्हणजे पाहुणे), सकाळी ९, हॉटेल लॉबी’ एवढा मेसेज गेला तर उत्तम गाइडही अंधारात चाचपडतो.

पाहुण्यांची नावं उच्चारासकट लिहा. वयं, नातं, कुठून आले, किती दिवसांचा प्रवास करून आले. कोणाला जिने चढता येत नाहीत, कोणाला ऐकू कमी येतं, कोणाला कशाची ॲलर्जी आहे. याआधी काय बघून झालंय, म्हणजे तीच माहिती पुन्हा नको. सहलीत कोणाचा वाढदिवस आहे का, किंवा हळवा विषय आहे का. नुकताच जोडीदार गेलेल्या माणसाला ‘मिसेस नाही आल्या?’ असं विचारलं जाऊ नये.

त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं: पाहुण्याला तुम्ही काय कबूल केलंय, ते शब्दशः. तुमच्या जाहिरातीत ‘छतावरून सूर्यास्त’ लिहिलं असेल आणि गाइडला ते ठाऊक नसेल, तर संध्याकाळी जो वाद होईल त्यात गाइडची काहीच चूक नसते. म्हणून गाइडला स्वतःसाठी वेगळा कार्यक्रम पाठवू नका. पाहुण्याच्या हातात असलेलीच इटिनररी पाठवा, म्हणजे दोघं एकच कागद वाचतील. सोबत तिकिटांच्या वेळा, व्हाउचर, ड्रायव्हरचा नंबर, हॉटेलचा नंबर, आणि रात्रीबेरात्री उचलला जाईल असा तुमचा एक नंबर. ग्रुप पंधराच्या पुढे असेल तर हेडसेट. गर्दीत ओरडून बोलणाऱ्या गाइडचा आवाज तिसऱ्या दिवशी बसतो आणि मागच्यांना तर पहिल्या दिवसापासूनच ऐकू आलेलं नसतं.

निर्णयाची मुभाही याच कागदावर लिहा: अमुक रकमेपर्यंतचा खर्च न विचारता करा. पाऊस आला, पाहुण्याचे पाय दुखले, टॅक्सी करायची आहे, आणि गाइड तुमच्या परवानगीसाठी फोन लावत ताटकळतोय, ही अवस्था पाहुण्याला दिसते.

ब्रीफ तीन-चार दिवस आधी पाठवा आणि आदल्या दिवशी फोनवर बोला. आरोग्याची किंवा कुटुंबाची माहिती गेली असेल तर सहलीनंतर ती फोनमधून काढून टाकायला सांगा. युरोपातल्या पाहुण्यांच्या बाबतीत २५ मे २०१८ पासून लागू असलेला डेटा संरक्षणाचा कायदा तुम्हाला लागू होतो का, हेही तपासून ठेवा.

८. सहलीच्या दिवशी

मध्ये मध्ये फोन करू नका. सकाळी ‘भेटलो’ आणि संध्याकाळी ‘सोडलं’, हे दोन मेसेज पुरेत. अपघात, हरवलेला माणूस, पोलीस किंवा दवाखाना, या चार बाबतींत मात्र गाइडने लगेच कळवायचं, मग रात्र का असेना.

पाहुण्याने थेट तुम्हाला तक्रारीचा फोन केला तर त्याचं ऐकून घ्या, वेळ मागा, आणि उत्तर देण्याआधी गाइडशी बोला. पाहुण्यासमोर गाइडला उणं बोललात तर उरलेल्या दिवसांत त्याचं कोणी ऐकणार नाही, आणि तुमचीच सहल अडचणीत येईल.

९. सहल संपल्यावर

एक-दोन दिवसांत गाइडला फोन करा, पैसे पाठवल्याचं सांगायला आणि ऐकायलाही. कोणत्या हॉटेलात पाणी गार होतं, कोणता ड्रायव्हर फोनवर बोलत गाडी चालवतो, कोणतं स्मारक अर्धं झाकलेलं आहे, हे त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं. तुमच्या पुढच्या इटिनररीतल्या सुधारणा या फोनमधूनच येतात.

पाहुण्याने केलेलं कौतुक त्याच्याच शब्दांत गाइडला पाठवा. बहुतेक एजन्सी फक्त तक्रारी पुढे ढकलतात. तक्रार आली असेल तर तीही लपवू नका. काय झालं ते आधी त्याच्या तोंडून ऐका. एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळ्या ग्रुपांकडून तक्रार येत राहिली तर काम थांबवा, आणि का थांबवलं ते त्याला सांगा. नुसतं फोन करणं बंद करणं सोपं असतं, पण त्यातून त्याला काहीच कळत नाही, आणि त्याच्या सहकाऱ्यांना तुमच्याबद्दल भलतंच कळतं.

प्रत्येक शहरात, प्रत्येक भाषेसाठी किमान दोन गाइड जोडून ठेवा, आणि दुसऱ्यालाही वर्षातून काही कामं नक्की द्या. वर्षभर विचारपूस न केलेला माणूस आणीबाणीच्या रात्री फोन उचलेल, असं गृहीत धरू नका. पुढच्या सीझनच्या तारखा हातात आल्या की जाहिरात छापायच्या आधी त्या या गाइडांना पाठवा. कोणती तारीख सणामुळे किंवा डागडुजीमुळे अडचणीची आहे, हे ते त्याच दिवशी सांगतील, आणि बदल करायला तेव्हा अजून वेळ असेल.